माशीचं माहेर

त्या गुरुवारी कवठग्यात श्रीपतरावांच्या बागेत जेवढी माणसं जमली, तेवढी मागच्या निवडणुकीत मतदानालाही जमली नव्हती. कोहिनूरकडची आली, राजेश्वरहून दोन टमटम भरून आल्या. मादन हिप्परग्याचे मारोतीअप्पा तर स्वतःची खाट डोक्यावर घेऊन आले, कारण चमत्कार बसून बघावा की निजून, हे त्यांना जागेवर ठरवायचं होतं.

बाग होती जांबाची. पुण्यामुंबईची माणसं ज्याला पेरू म्हणतात ते आमच्या सीमाभागात जांब. त्या वर्षी भादव्यात जांबात अशी अळी पडली की फळ वरून पिवळंधमक दिसावं आणि फोडलं की आत भरलेली जत्रा. श्रीपतरावांच्या शकुबाईंनी एक जांब फोडला, तर आतल्या अळ्यांनी मान वर करून असं बघितलं, की आपणच न विचारता कुणाच्या घराचं दार उघडलं असं शकुबाईंना वाटलं.

माणसाला फवारणीनं गुण आला नाही की तो मंत्राकडं वळतो. गावानं एकाच आठवड्यात तीन तऱ्हेची औषधं एकाच टाकीत कालवून फवारली होती. त्यानं मधमाश्या मेल्या, शेजारच्याची दोन कोंबडी मेली, अळी मात्र होती तिथंच होती. मग मक्षिकानाथ महाराज आले. मराठी बोलणारे त्यांना माशीमहाराज म्हणत, कन्नड बोलणारे नोणप्पा. महाराज दोन्ही हाकांना ओ देत.

महाराज वाघाच्या छापाच्या चादरीवर बसले. पुढं चौरंग, चौरंगावर सागवानी पादुका. हरिओम नावाचा त्यांचा शिष्य होता. त्यानं पादुका तांब्यातल्या पाण्यानं धुतल्या आणि ते पाणी तीर्थ म्हणून पळीपळीनं वाटलं. शकुबाईंचा तीर्थ घ्यायचा हा तिसरा गुरुवार. त्यांनी दोन पळ्या मागून घेतल्या.

मग महाराज बोलायला लागले. मागल्या जन्मी ज्यांनी दुसऱ्याच्या बागेतली फळं चोरून खाल्ली, ते या जन्मी माशी झाले. ते जीव तळमळतात. त्यांना मुक्ती पाहिजे, आणि मुक्ती कुठं मिळते, तर चरणाशी. हे ऐकून मारोतीअप्पा खाटेवर उठून बसले. त्यांनी उभ्या जन्मात स्वतःच्या झाडाचं फळ खाल्लं नव्हतं.

दहा मिनिटं झाली नसतील, आणि माशा आल्या. घरातल्या माशा नव्हेत. पिवळसर तपकिरी, कमरेत बारीक, जणू गांधीलमाशीच्या धाकट्या बहिणी. आधी एक, मग पाच, मग मोजणाऱ्यानं मोजायचं सोडलं. पादुकांवर बसायच्या, चाटायच्या, झिंगल्यासारख्या गोल फिरायच्या आणि उताण्या पडायच्या. महाराज डोळे मिटून "मक्षिकाय फट्" म्हणत, आणि प्रत्येक फट्ला चौरंगाखाली पाचपन्नास जिवांचा मोक्ष होई. बायकांनी पदर पसरले. कुणी मोबाइल वर धरले.

"आता सांगा," महाराज म्हणाले, "हे जीव कोणत्या दिशेनं आले?"

सगळ्यांनी बघितलं होतं. माशा उगवतीकडून आल्या होत्या. श्रीपतरावांच्या बागेच्या उगवतीला एकच आवार होतं, इंदिराबाईंचं. तिथं जांबाची अकरा झाडं.

महाराजांनी हरिओमला पिटाळलं. त्यानं त्या आवारातून तीन जांब तोडून आणले. सर्वांसमोर चिरले. तिन्ही आतून पांढरेशुभ्र, एक अळी नाही. इंदिराबाईंच्या फळात अळी असती तर त्यांच्याकडं माशी आहे हे सिद्ध झालं असतं. अळी नव्हती, तर महाराजांनी त्याहून मोठं काही सिद्ध केलं.

"माशीचं माहेर तिथं हाय," ते म्हणाले. "लेक कधी माहेराला लुटती काय?"

गर्दीनं सुस्कारा सोडला. मल्लम्मा हळूच म्हणाली की तिची लेक माहेराला आली की भाकरीची दुरडी रिकामी करून जाते, पण तिला शेजारणींनी चिमटा काढून गप्प केलं.

महाराजांचं संपलं नव्हतं. त्या घरात देव्हारा नाही, ते म्हणाले. इंदिराबाईंचं घर बौद्धाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते असं बोट दाखवून आजवर कुणी बोललं नव्हतं. वर ती बाई पडलेली फळं उचलते. कवठग्यात रीत अशी, की झाडाखाली पडलं ते भूमातेचं. पोर असो की पाटील, पडलेल्या जांबाला कुणी हात लावत नसे. इंदिराबाई रोज सकाळी टोपलं घेऊन वेचत. म्हणून भूमाता कोपली. म्हणून पुढच्या गुरुवारपर्यंत ती अकरा झाडं मुळासकट निघाली पाहिजेत.

इंदिराबाई मागच्या रांगेत उभ्याच होत्या. साठी उलटलेली, अंगानं काटक बाई. बावीस वर्षं त्यांनी सरकारी रोपवाटिकेत रोजंदारी केली होती, आणि तिथल्या साहेबांनी जे इंग्रजीत लिहून ठेवलं ते या बाईनं हातानं करून ठेवलं होतं. माशा यायला लागल्या तेव्हा सगळं गाव पादुकांकडं बघत होतं. इंदिराबाई वास घेत होत्या. वारा मावळतीकडून होता, आणि त्यावर लवंगेसारखा एक वास येत होता. तो त्यांच्या ओळखीचा होता. दुसरं, चौरंगाशेजारी प्रसादाचा गूळ उघडा पडला होता आणि त्यावर घरातल्या काळ्या माशा घोंगावत होत्या. त्यातली एकही पादुकांकडं गेली नाही. घरमाशीला मुक्ती नको होती, गूळ पाहिजे होता. तिसरं, त्यांनी खाली पडलेली एक पिवळी माशी कागदाच्या तुकड्यानं उचलून तिचं बूड बघितलं आणि स्वतःशीच हुंकार दिला.

पण त्या बोलल्या नाहीत. भरल्या सभेत एकट्या बाईनं खरं सांगितलं की लोक त्याला भांडण म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपतराव आले. इंदिराबाई टोपलं घेऊन वेचत होत्या. श्रीपतराव त्यांच्याकडं न बघता झाडाच्या शेंड्याकडं बघत उभे राहिले.

"अक्का, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले.

"झाडं माझी तोडायलाव, आन वाईट वाटून घ्यायचं न्हाई. मग काय साखर वाटू?"

"गाव म्हणायलंय."

"गाव म्हणायलंय का तुमी म्हणायलाव, अण्णा?"

श्रीपतरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. त्यांच्या दोनशे झाडांना त्या हंगामात फळ होतं आणि एकही खाण्याजोगं नव्हतं. दुसरी रोपं आणून देतो, खड्डे माझी माणसं खणतील, असं ते काहीबाही बोलले.

इंदिराबाईंनी टोपलं खाली ठेवलं. "ही रोपं मी आन भीमराजनं रोपवाटिकेतनं डोक्यावर आणली. टाकून दिल्याली रोपं, मोडकी. एकेकाला काठी बांधून उभं केलं. भीमराज जाऊन सहा वर्षं झाली. पोरगा पुण्याला. ह्या घरात मी कुणासंगं बोलत असन तर ह्या अकरांसंगं. आता सांगा, कुठलं आधी तोडू?"

मग इंदिराबाईंनी एकच मागणं केलं. गुरुवारी महाराजांनी त्यांच्या आवारात यावं, त्या दाखवतील तिथं बसावं, आणि जे होईल ते गावानं बघावं. बघूनही गावाला झाडं नको असली तर त्या स्वतः कुऱ्हाड आणून देतील.

"भ्या न्हाई वाटत?" श्रीपतरावांनी विचारलं.

"वाटतंय की. माशीचं न्हाई, माणसांचं."

सोमवारी त्या बसनं बसवकल्याणला गेल्या. बाजारात खतं-औषधांचं एक दुकान होतं, मालक प्रशांतकुमार, इंदिराबाईंच्या जुन्या ओळखीचा. त्यांनी कामगंधाचा ठोकळा मागितला. प्लायवुडचा आगपेटीएवढा तुकडा, गंधात भिजवलेला. प्रशांतकुमारनं तो पाकिटासकट काढून दिला आणि नेहमीसारखं बजावलं की उघड्या हातानं धरू नका, त्यात माशी मारायचं औषधही असतं. मग हसत म्हणाला, तुमच्या भागात बाग लय वाढलेली दिसते. भगवी लुंगी घातलेला हरिओम नावाचा एक माणूस दर पंधरवड्याला डबाभर ठोकळे नेतो. किती एकर हाय म्हणून विचारलं, तर म्हणाला, तीन तालुके.

गुरुवार उजाडला. यावेळी गर्दी दुप्पट होती, कारण चमत्काराहून माणसाला झाड तोडलेलं बघायला जास्त आवडतं. इंदिराबाईंनी महाराजांचं आसन आवाराच्या उगवतीच्या टोकाला मांडलं होतं. महाराजांना जागेशी देणंघेणं नव्हतं. चौरंग, पादुका, तीर्थ, सगळं लागलं.

मग इंदिराबाई आवाराच्या मावळतीच्या बांधावर गेल्या. तिथं एक घमेलं पालथं घातलं, आणि त्यावर आपली जुनी रबरी चप्पल ठेवली. निळा पट्टा, तोही पिन लावून जोडलेला.

गर्दीत कुजबुज झाली. पादुकांसमोर चप्पल, आणि तीही हिची. हरिओम तावातावानं पुढं सरसावला, पण महाराजांनी हात वर केला. ते मोठ्या मनानं हसले. "ठेवू दे तिला. माशीला कळतंय चरण कुठला आन चप्पल कुठली."

माशीला खरंच कळत होतं. पहिल्या चार माशा पादुकांवर बसल्या. पाचवी पादुकांवरून घिरटी मारून पुढं निघाली. मग रांगच लागली. उगवतीकडून येणाऱ्या माशा महाराजांच्या डोक्यावरून, जटांवरून, एक तर नाकाच्या शेंड्यावर क्षणभर विसावा घेऊन, सरळ मावळतीच्या बांधाकडं जायला लागल्या. महाराजांनी फट् म्हटलं, माशा गेल्या. मोठ्यानं फट् म्हटलं, आणखी गेल्या. थोड्या वेळात निळा पट्टा दिसेनासा झाला. चप्पल जिवंत झाल्यासारखी वळवळत होती, आणि घमेल्यावर टपटप मोक्ष पडत होता.

"माशा कुठनं आल्या?" इंदिराबाईंनी विचारलं.

मारोतीअप्पा खाटेवरून म्हणाले, "म्हाराजाकडनं."

"मग माहेर कुणाचं?"

हसू पसरायला लागलं होतं. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण कवठग्याची माणसं तुम्हाला ठाऊक नाहीत. मल्लम्मा गर्दीतून वाट काढत पुढं आली, चपलेसमोर नारळ ठेवला आणि कपाळ जमिनीला टेकवलं. "अक्का, एवढी शक्ती हुती तर इतके दिस गप कामून बसलाव?" तिच्यामागं आणखी दोघी आल्या. मारोतीअप्पांनी खाट मावळतीकडं वळवून घेतली. आणि हरिओमनं एकदा चौरंगाकडं बघितलं, एकदा चपलेकडं, मग शांतपणे महाराजांना सोडून इंदिराबाईंच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला. "रांगेत या," तो म्हणाला, "लेकरंवाल्या आधी."

इंदिराबाई त्या नारळाकडं बघत राहिल्या. झाडं वाचली होती. नुसतं गप्प राहिलं तरी आता त्यांच्या फांदीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पोरांनी दगड मारले नसते, वाटसरूनं पान खुडलं नसतं, दर गुरुवारी खोडांना हळदकुंकू लागलं असतं. भीमराजची अकरा झाडं सात पिढ्या सुखरूप. फक्त एक करायचं होतं. काहीच बोलायचं नव्हतं.

त्यांनी हाताला पिशवी गुंडाळली आणि चप्पल उलटी केली.

टाचेचं रबर चाकूनं कोरलेलं होतं, आणि त्या खळगीत प्लायवुडचा तुकडा बसवला होता. इंदिराबाईंनी तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "ही शक्ती. बसवकल्याणच्या बाजारात मिळती. ह्याला असा गंध लावल्याला असतोय की माशीतला बाप्या लांबून येतोय. वारा ज्या अंगाला गंध नेतोय, त्या अंगाकडनं येतोय. वारा मावळतीचा, म्हणून माशी उगवतीची. त्यात माझं घर कुठनं आलं?"

"बाप्याच कामून?" शकुबाईंनी विचारलं.

"ह्यो गंध बाप्यालाच ओढतोय. बाईमाशीच्या बुडाला सुई असती, अंडी घालायची. बघा ह्या मेलेल्यांत कुणाला हाय का. म्हाराजाच्या मोक्षात बायांना जागाच न्हाई, अक्का. बाया तकडं तुमच्या जांबात अंडी घालायल्यात."

बायका खदखदून हसल्या. मल्लम्मानं नारळ गुपचूप उचलून घेतला.

"आता त्या पादुका उलट्या करा," इंदिराबाई म्हणाल्या.

कुणी हलेना. चमत्कार खोटा निघाला तरी पादुकांना हात लावायला जीव धजत नाही. मग श्रीपतराव पुढं झाले. त्यांनी पाय आपटल्यासारखे टाकत चौरंग गाठला आणि डावी पादुका पालथी केली. तळाशी चौकोनी खाच, तिच्यात कडेकडेनं मेण लावून बसवलेला तुकडा. नखानं मेण काढलं, तसा तुकडा चौरंगावर पडला. इंदिराबाईंच्या हातातल्या तुकड्याचा जुळा भाऊ, फक्त धुऊन धुऊन फिका झालेला.

"अण्णा, हात धुवा आधी," इंदिराबाई म्हणाल्या. "त्यात औषध हाय. माशी त्यानंच मरती."

हे वाक्य गर्दीतून हळूहळू सरकत गेलं आणि शकुबाईंपाशी थांबलं. त्यांनी तांब्याकडं बघितलं. आजचा धरून चार गुरुवार त्या पादुकांचं धुवण प्यायल्या होत्या, आणि तीन आठवडे झाले त्यांचं पोट दुखत होतं. पोटात माशीचा दोष आहे, तीर्थ वाढवा, असं महाराजांनीच सांगितलं होतं. श्रीपतरावांनी लगेच जीप काढायला सांगितली आणि तीर्थ घेतलेल्या सगळ्यांना दवाखान्यात न्यायला माणूस दिला. तांब्या त्यांनी स्वतः झाकून बरोबर घेतला, डॉक्टरांना दाखवायला.

या गडबडीत महाराज समाधीतून उठले. सगळा मायेचा खेळ आहे असं पुटपुटत ते कुंपणाकडं गेले आणि ओलांडूनही गेले. पादुका मागंच राहिल्या होत्या, कुंपण बाभळीचं होतं. कोहिनूरच्या फाट्यावर लंगडत उभा असलेला अनवाणी संन्यासी शोधायला गावानं बोलावलेल्या पोलिसांना फार वेळ लागला नाही. हरिओमनं सगळं सांगून टाकलं. गावागावातून दक्षिणा म्हणून अळी नसलेल्या निवडक फळांची टोपली यायची. ती कुठल्या बाजारात जायची हेही त्यानं सांगितलं.

शकुबाई दोन दिवसांनी घरी आल्या, बऱ्या होऊन. तिसऱ्या दिवशी गावातले बागवाले आपणहून इंदिराबाईंच्या आवारात जमले. श्रीपतराव सगळ्यात शेवटी आले आणि उभेच राहिले.

"देव्हाऱ्याचं ते बोलला, तवाच मी उठायला पायजे हुतो," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "उठलो न्हाई."

"व्हय, उठाया पायजे हुतं," इंदिराबाई म्हणाल्या. त्यांनी ते गोड करून घेतलं नाही. मग पाट सरकवून दिला. "बसा."

मग त्यांनी जे सांगितलं त्यात मंत्र एकही नव्हता. एक पडलेला जांब त्यांनी फोडून दाखवला. ही अळी फळातून उतरते, मातीत शिरते, तिथं कोश करते आणि आठ-दहा दिवसांत माशी होऊन वर येते. तुम्ही भूमातेचा वाटा म्हणून ठेवता, तो माशीचा पाळणा आहे. पडलेलं फळ रोज वेचा. दोन हात खोल पुरा, नाहीतर पोत्यात भरून, तोंड बांधून उन्हात टाका. झाडाखालची माती अधूनमधून हलवा, कोश वर येतात, कोंबड्या आणि साळुंक्या बाकीचं बघतात. फळ पिवळं व्हायची वाट न बघता रंग फिरला की उतरवा. घरापुरती चार झाडं असतील त्यांनी फळांना कागद बांधावा. ठोकळे बाटल्यांत टांगा, पण सगळ्या बागांत एकाच वेळी. माशीला बांध कळत नाही, शेजारी बसून राहिला तर तुमचा ठोकळा त्याच्या माशा पोसतो. फवारा अगदी शेवटी, जाणत्याला विचारून, एकच औषध, आणि ते घातल्यावर फळ तोडायला किती दिवस थांबायचं ते विचारून.

ऐकता ऐकता मारोतीअप्पांचा चेहरा पडला. "एवढं करावं लागतंय व्हय? म्हाराजाचं बरं हुतं. निस्तं बसायचं."

"बसला म्हणून तर अळी पडली, अप्पा."

मल्लम्माची शंका वेगळी होती. एवढं सगळं केलं, रोज वेचलं, पुरलं, टांगलं, तर माशी पुरती जाईल काय?

इंदिराबाईंनी खरं ते सांगितलं. "न्हाई. थोडी ऱ्हाईल. दहातली एक-दोन फळं तिची जातील, आठ तुमची ऱ्हातील. पुढल्या सालाला परत वेचायचं. पुरती घालवतो म्हणणारा कुणी आला, तर त्याच्या पाया पडायच्या आधी पायातलं काय हाय ते उलटं करून बघा."

दुसऱ्या दिवशी पहाटे श्रीपतरावांच्या बागेत शकुबाई टोपलं घेऊन वाकल्या. दोनशे झाडं होती. त्यांना दुपार झाली.